तसूभर

उशांगी म्हणाला, मी इथून तसूभरही हलणार नाही.
म्हटलं, बरं.
आणि त्याच्या कुंपणाच्या दगडी भिंतीवर
केकचा पत्र्याचा साचा ठेवला,
साच्यात माझा फोन, पाठीवर झोपवलेला, तोंड आभाळाकडे.

अजाराच्या डोंगरात सप्टेंबरची रात्र.
सज्जात वाळायला टांगलेली मक्याची कणसं,
आणि त्यांच्यावर, वीस हजार किलोमीटरवर,
चार मालकांची घड्याळं
आपापली वेळ सांगत फिरताहेत.

एरवी हाच फोन मला नदीत उभं करतो,
कधी शेजारणीच्या गोठ्यात, कधी मशिदीच्या छपरावर.
पाच मीटर इकडे, पाच तिकडे.
टॅक्सीवाल्याला तेवढं पुरतं.
डोंगराला नाही पुरत.

म्हणून लाटा मोजायच्या.
एकेक लाट जेमतेम वीतभर.
फोनला शेवटचा तुकडा कळतो, अगदी नखाएवढा नेमका;
त्याआधी पुऱ्या किती लाटा वाटेत आहेत, ते नाही.
झोपेत चालणारा जिन्यात जागा व्हावा,
पायाखालची पायरी त्याला कळावी
आणि मजला कळू नये, तसं.
मग बसून राहायचं. तास, दोन तास.
आभाळातली घड्याळं सरकतात,
चुकीचे मजले एकेक गळत जातात.

दुसरा फोन पलीकडच्या उतारावर, शाळेमागच्या कातळावर.
नववीतली नार्गुली राखणीला,
गाईनं चाटू नये म्हणून.
दोन्ही फोन वरून एकच थाप ऐकतात,
हवेनं वाटेत रंगवलेली.
एकातून दुसरं वजा केलं की थाप जाते.
कातळ हलत नाही, असं आम्ही धरलंय.
कुठंतरी काहीतरी धरावंच लागतं.

एक चाळीसला साचा खणखणला.
उशांगीचा भाऊ, बातुमीहून:
मधाचा यंदा काय भाव लावतोस?
फोन थरथरत साच्यात अर्धा फेर फिरला,
लाटांचा हिशोब तुटला.
पुन्हा पहिल्यापासून.
मी कुणालाही उद्देशून नाही अशी एक शिवी दिली.
उशांगीनं सफरचंद कापून दिलं.

जूनपासून अकरा रात्री. पाच फुकट.
तीन पत्र्याच्या छपरामुळं: त्याच्यावर आपटून
उशिरा येणारी बातमी फोन खरी मानतो,
आमच्या गावासारखाच.
एक गडगडाटात गेली, एक त्या भावामुळं.
उरलेले सहा ठिपके मी आलेखाच्या कागदावर मांडले.
रांग सरळ नव्हती. पण खाली जात होती.

साडेतीन सेंटिमीटर, आग्नेयेला.
"तसूहून थोडं जास्त," मी म्हटलं.

तो हसेल असं वाटलं होतं.
त्यानं मला दंडाला धरून मागं नेलं,
पोकळ ओंडक्याच्या जुन्या पोळ्यापाशी,
आणि खाली वाकून टॉर्च मारला.
उताराकडच्या पायाखाली ढलप्या.
चेस्टनटच्या, अक्रोडाच्या,
एक फूटपट्टीचा तुकडा, बहुधा माझ्याच वर्गातून पळवलेला.
"दर वसंतात एक. पोळं तिरकं झालं की माशा चिडतात."
मी मोजल्या. नऊ.
माझ्याकडे सहा ठिपके, तेही एका उन्हाळ्याचे.

"मग बोलला का नाहीस?"
"तू विचारलंस मी हलणार का. डोंगराचं नव्हतं विचारलंस."

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं,
फोनमधला नेमका कुठला बिंदू एवढा सरकला?
मला सांगता येईना.
आत कुठंतरी, काचेमागं, एक कान असतो.
कंपनी जागा सांगत नाही.
रोज त्याच भिंतीवर, त्याच तोंडानं ठेवायचा,
म्हणजे कुठं का असेना, फरक खरा येतो.
"हं," तो म्हणाला, आणि बराच वेळ
स्वतःच्याच पायांकडं बघत राहिला.

उजाडताना माशा बाहेर पडल्या.
परतताना थेट दारात उतरल्या,
जे दार जूनमध्ये तिथं नव्हतं.

मी पुनर्वसनाचा अर्ज पुढं केला.
त्यानं तो न वाचता चौघडी घडी घातली,
पोळ्याच्या पायाखाली सरकवून पाहिला.
बरोबर बसला.
मग ओढून काढला, माती झटकली,
आणि पेन मागितलं.