बाकीचं सकाळी

चार वाजता कोंबड्याच्याही आधी
काबरी शेळी खोकते.
मग डालग्याखाली पिल्लांची चिवचिव,
मग ससे. ते तर ओरडतही नाहीत,
नुसते बघतात.
सशांचं बघणं मला सगळ्यात जड जातं.

दोन शेळ्या होत्या, बचत गटाच्या.
दोनाच्या पाच, पाचाच्या एकोणीस.
कोंबड्या कुणी मोजल्यात?
बदकं नणदेनं दिली, तिला नको झाली म्हणून.
चौदा ससे पुतण्याचे. त्याचा धंदा बसला
आणि तो सुरतेला गेला,
पिंजरे माझ्या ओट्याला लावून.
‘काकू, गवतावर जगतात,’ म्हणाला.
वैशाखात. पारोळ्याला. गवत.

टिनावर ओली पोती टाकते, तासाभरात वाळतात,
पुन्हा टाकते.
वीज येते रात्री दोनला, तेव्हा हौद भरायचा.
तुरीचा भुसा बुडाला लागलाय, दादरची कणी महाग,
सुबाभळीच्या फांद्या हव्यात तर
आबाजीच्या बांधावर उभं राहून
त्याच्या सुनेचं गाऱ्हाणं ऐकायचं, अर्धा तास.
एका तलंगेची मान वाकडी दिसते.
मानमोडी असली तर उद्या सगळं खुराडंच गेलं.
डॉक्टरचा फोन लागत नाही.
माझा चहा तिसऱ्यांदा आटला.

लोक म्हणतात, काय छान, गोकुळ आहे तुझ्याकडे.
गोकुळातही, मला वाटतं,
लेंड्या झाडणारी कुणी असेलच.
तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

चैत्रात एक करडू झालं, तिळ्यातलं तिसरं.
आईनं जवळ घेतलं नाही.
दर तीन तासांनी बाटली. नऊ दिवस.
नाव ठेवायचं नाही असं ठरवलं होतं,
तरी तोंडातून ‘गुंड्या’ निघायचंच.
दहाव्या रात्री माझा डोळा लागला.
उठले तेव्हा ते गार होतं
आणि मला,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही,
मला आधी हलकं वाटलं.
एक बाटली कमी.
मग त्या हलकेपणाचंच ओझं झालं,
एकोणीस शेळ्यांहून जड.

परवा दुपारी बादली खाली ठेवली
ती उचललीच नाही.
बोरीच्या कोरड्या पात्रात जाऊन बसले,
जिथे आपल्या शेळ्यांचा आवाज येत नाही.
येतच होता.
सुपडाबाई आली, म्हशीमागे.
‘कसाले रडस व माय?’
मी म्हटलं, रडत नाही, घाम आहे.
ती शेजारी बसली, मिसरी काढली,
बराच वेळ दात घासत राहिली.
मग थुंकून म्हणाली,
‘आज नुसतं पानी पाज.
बाकीनं सकाय देखसूत.’

देखसूत, म्हणाली.
बघशील नाही, बघू.
त्या बघूमध्ये तीही होती.

संध्याकाळी मी नुसतं पाणी पाजलं.
झाडलं नाही. मोजलं नाही.
पोती वाळली तशीच राहू दिली.
सशांनी बघितलं, मीही बघितलं.
झोप मात्र लागली नाही,
कानात सारखं कुणीतरी खोकत होतं.

सकाळी सुपडाबाई आलीच नाही. तिची म्हैस व्याली.
दुपारी आली, हातात खरवसाची वाटी,
नातवासाठी चार ससे मागितले.
मी सहा दिले.
तलंगेची मान अजून वाकडीच आहे,
पण दाणे टिपते, वाकड्या मानेनं.

आज चार वाजता काबरी खोकली.
मी जरा पडून राहिले.
मग उठून चहा ठेवला आणि आटायच्या आत गाळला.
ओट्यावर बसून कप हातात घेतला तर
सगळं खुराडं, सगळा गोठा एकदम ओरडायला लागला.
एक पिल्लू पायावर चढलं.
ओरडा, म्हटलं.
आणि चहावर फुंकर घातली.