पंच क्रमांक दोन

पंच क्रमांक एक, चहावाला जगन.
पंच क्रमांक दोन, मी. सावदा-फैजपूर रस्त्यावर
सायकलचं दुकान, म्हणजे निंबाखाली एक पेटी
आणि पंक्चर बघायचं घमेलं.

हवालदार टेपचं एक टोक धरतात, दुसरं मी.
चाकापासून डांबराच्या कडेपर्यंत दोन फूट चार इंच.
हेही लिहा, मी म्हणतो, कडेच्या पुढं वीतभर खोल आहे,
सायकल खाली घेतली की माणूस तोंडावर जातो.
खड्डा घटनेत नव्हता, ते म्हणतात.

गाडीवाला बोनेटला टेकून. फिरक्यांचा मधला.
पाणी दिलं तर ग्लास दोन्ही हातांनी धरला.
‘मले दिसलाच नही, भो. खरंच नही दिसला.’
मी त्याला खोटा म्हणणार नाही.
दिवस कलला होता, समोरून केळीचा ट्रक, डोळ्यांवर झोत,
आणि सुपडूचा शर्ट
शिवला तेव्हा पांढरा होता.
रोज घड कापायचे, खांद्यावर घ्यायचे,
चीक सांडतो, धुतला की आणखी काळा होतो.
हवालदारांनी लिहिलं : गडद रंगाचे कपडे.

घंटी? आहे. ब्रेक? पुढचा आहे.
सुपडूही काही कमी नाही.
वळताना हात दाखवणार नाही, मान वळवणार नाही.
कितीदा बोललो. म्हणायचा,
‘मांगच्याले डोये आहेत ना?’
होते डोये. ऐंशीच्या वेगात होते.

मागील लाल रिफ्लेक्टर : नाही.
त्याखाली त्यांनी रेघ ओढली.
पुढच्या ओळीत ‘सबब’ आलं
तेव्हा माझ्या जिभेवर काहीतरी आलं आणि
मी ते गिळलं.

सोमवारी मीच काढला होता तो.
मडगार्ड सरळ करताना नटाचे आटे गेले.
उद्या ये, बसवून देतो, म्हटलं.
उद्या बाजार होता. परवा मी विसरलो,
आणि तो विचारायला आला नाही,
मागचे बारा रुपये राहिले होते त्याच्याकडं.

सही केली. लांब शेपटीची करतो मी, सवयीनं.

सुपडू जळगावच्या सिव्हिलात, पाय टांगलेला.
सायकल माझ्याकडंच, पुढचं चाक आठच्या आकड्यासारखं.
रात्री पेटी बंद करायला वाकलो
तर छऱ्यांच्या डब्यात तो.
रस्त्यावरून गाडी गेली की पेटतो,
दुसरी गेली, पुन्हा पेटतो.
पुसून पाहिला.
तडा नाही कुठं. अजून बरीच वर्षं चालेल.