प्रमाण : कंटाळा येईपर्यंत एक इंच

अलिफियाचा पाय पाच आठवडे प्लास्टरमध्ये,
आणि माझ्याकडे जुन्या अमोनिया प्रिंटांचा
एक पाठकोरा गुंडाळा.
निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल-श्रीफळ दिलं,
हा मी स्वतःच उचलला.

माझगावात, तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर
आम्ही एक देश काढायला घेतला.
आधी कागद चहाच्या पाण्यात बुडवला,
गॅलरीत चिमट्यांनी वाळत घातला.
गोदीतल्या क्रेना मान वाकवून बघत राहिल्या,
त्यावर काहीच नव्हतं तरी.

मी विचारलं, प्रमाण काय धरायचं?
सदतीस वर्षं पाणीखात्यात ट्रेसर होते मी,
प्रमाणाशिवाय माझी पेन्सिल टेकत नाही.
ती म्हणाली, चालता चालता कंटाळा येईल
तेवढं अंतर म्हणजे एक इंच.
मी तेच लिहिलं, सुबक, खालच्या कोपऱ्यात.

डोंगर तिला हवे होते बसलेल्या उंटांसारखे,
भांडण झाल्यामुळे एकमेकांकडे पाठ केलेले.
नदी समुद्रापर्यंत जाते,
तिथे विचार बदलते, परत येते.
आणि उतार? मी म्हटलं.
आंटी, तुम्ही फार ऑफिस करता.

थांबेवाडी. उलटखाडी. चुलतबेट.
अर्धे बुद्रुक आहे,
अर्धे खुर्द शोधायला गेलेले अजून आलेले नाहीत.
जंगल जुन्या टूथब्रशने टेपलं,
मध्येच हिरवा संपला,
तर पुढचं जंगल पिवळं. तिकडे नेहमी परीक्षेचे दिवस असतात.

समुद्र मी तीनदा धुतला.
रंग बसत होता,
पण हाताला सवय भरावाची:
किनारा वाकडा दिसला
की तो बुजवून सरळ करायला धावतो.
तिसऱ्यांदा तिने माझं मनगटच धरलं.

तेव्हा सांगितलं तिला, कुणाला न सांगितलेलं.
एका रिकाम्या दुपारी, ई वॉर्डाच्या नकाशात,
दोन वखारींच्या मध्ये
मी एक बोळ काढला होता. नसलेला.
केसाएवढ्या दोन रेघा, आणि नाव, शेवंती बोळ.
शेवंती माझी आई. रेशनकार्ड सोडलं
तर तिचं नाव कुठेच छापलेलं नव्हतं.
तपासनीसाला दिसला नाही. साहेबांनी सही केली.

अकरा वर्षांनी टेबलावर एक अर्ज:
शेवंती बोळ, खोली नंबर चार,
गेले आठ दिवस पाण्याचा थेंब नाही.
खाली सही, दत्ताराम गोणबरे,
आणि सोळा अंगठे.

अलिफिया हसेल असं वाटलं होतं.
मग दिलंत पाणी?
मी ब्रश धुतला. पुन्हा धुतला.
दिलं. दीड इंची जोडणी.
जाऊन पाहिलंत?
नाही.
हिंमत झाली नाही. बोळ असता तरी,
आणि नसता तरी.
ती बराच वेळ प्लास्टरमध्ये फूटपट्टी घालून
खाजवत राहिली.

पाचव्या आठवड्यात प्लास्टर कापलं.
त्या संध्याकाळी जिन्यावर दोन्ही पायांचे आवाज,
वर न येता खाली गेलेले.
मला राग आला नाही असं म्हणणं बरोबर नाही.
थोडा आला. भात करपला.

नकाशाचा ईशान्य कोपरा कोराच राहिलाय.
तिथे तिने पेन्सिलीने लिहिलंय,
इथे कोण राहतं ते नंतर.

काल रात्री मी निळी शाई उघडली.
परत फिरणाऱ्या नदीच्या वळणापासून
कोऱ्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक रेघ नेली,
उंटांना वळसा घालून, उताराचा विचार न करता.
शेवटी व्हॉल्व्हची खूण:
टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण.
उघडा आहे.