मधलं काज

बेनिताचं म्हणणं सरळ होतं :
टोपी एकच, पण माथा वर-खाली होणारी.
मी म्हटलं, बाई, टोपी आहे ही, कंदिलाची वात नाही.
ती हसली नाही.
रुमालाची गाठ सोडून नाणी मोजायला बसली.

ला पाझच्या या चढाच्या गल्लीत
तीस वर्षं मी वाफेवर हात भाजतोय.
आजोबांचे लाकडी ठोकळे अजून वापरात आहेत,
एक बुटका, एक उंच, आणि एक तडा गेलेला.
फॅशन बदलली की मी ठोकळा बदलतो,
बाया टोपी बदलतात.
आईची टोपी लेकीच्या लग्नात जुनी ठरते
ती फक्त दोन बोटांनी.
त्या दोन बोटांवर माझी चूल पेटते, खोटं कशाला बोलू.

"माथा तर रिकामाच असतो," बेनिता म्हणाली,
"डोकं काही तिथवर पोचत नाही.
मग नुसती हवा कमी-जास्त करायला
तुला एवढं काय जड जातं, फेर्मीन?"

जड गेलंच.
आधी मोडक्या छत्रीची स्प्रिंग बसवली.
मी शिंकलो,
तर माथा बरणीच्या झाकणासारखा उडाला.
मग अ‍ॅकॉर्डियनच्या भात्यासारख्या घड्या.
छान मिटायची, छान उघडायची.
बाहेर नेली त्याच दिवशी गारा पडल्या
आणि प्रत्येक घडीत एकेक गार
अंडं घातल्यासारखी बसली.

शेवटी एक धडधाकट टोपी कापावी लागली.
कात्री लावायला हात धजेना,
दुकानाचं दार लावून घेतलं,
कुणी बघू नये म्हणून.
खाली भिंत, वर घुमट,
डब्यात डबा सरकावा तसा.
सांध्यावर रुंद काळी फीत.
आतल्या रेशमात चार बटणं
आणि काजांच्या दोन ओळी : एक वर, एक खाली.
बस्स.
बेनितानं वरची लावली, आरशाकडे पाठ केली
आणि पुढच्या खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं.

दोन महिन्यांनी फीत उसवली म्हणून
एक बुटकी बाई आली. टोपी तीच, माथा खाली.
ही बेनिताची ना, मी विचारलं.
"आमची," ती म्हणाली. एउलालिया. थोरली.
बटाट्याचा ठेला एक, शाल एक, टोपी एक.
सोमवार ते बुधवार हिचे, पुढचे तिचे.
"तिला उंच लागते. पोर आहे अजून."
पोर पन्नाशीची होती.
"टोपीला फार चढवून ठेवलं की वारा नेतो,
तिला सांगून थकले."
मी फीत शिवली. पैसे घेतले नाहीत.
म्हणजे, निम्मेच घेतले.

ऑगस्टात वारा सुटला,
वरून केबलकार रिकामीच झुलत जात होती.
बेनिता आली. डोकं उघडं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली टोपी काखेत.
म्हणाली, आता कायमची शिवून टाक.
आठवड्याचे सगळे वार माझेच झाले.

खालच्या काजांचे दोरे झिजून पिंजले होते,
वरचीही झिजली होती, पण तिरकी,
घाईत ओढल्यासारखी.
कुठे शिवू, मी विचारलं.

तिनं घुमट वर नेला.
थांबली.
खाली आणला, अगदी खाली,
अंगठ्यानं दाबून धरला.
बाहेर एक मिनीबस हॉर्न वाजवत अडकली होती.
मग तिनं तो थोडासा उचलला,
एक बोट, किंवा त्याहूनही कमी,
आणि म्हणाली, इथे.

तिथे काज नव्हतं.
"शिवू नकोस मग," ती म्हणाली, "इथेही एक ओळ कर."

चार काजं. सुई बारीक लागते,
आणि या उजेडात मला आता दोरा ओवता येत नाही.
तिनंच ओवून दिला.