पाण्याआधीचा शब्द

कोर्लईत आमच्या घरी पाण्याला आग म्हणतात.
तिसरीत असताना मी वर्गात उभी राहून ती मागितली,
तेव्हा मोकल बाई खडू टाकून दाराकडे धावल्या होत्या.
तेव्हापासून दोन भाषा दोन खिशांत ठेवते.
एकीचे सुटे दुसरीत चालत नाहीत.

आता तिसरा खिसा शिवतेय.

पास्कलकाका एकवीस वर्षं जहाजावर भंडारी,
लास पाल्मासच्या धक्क्यावर कांदे घेता घेता स्पॅनिश शिकले.
दुकान वाढवून मी रेवदंड्याचा पूल ओलांडून येते
तोवर त्यांच्यापुढे वालाच्या शेंगांचा ढीग.
"सोल," म्हणतात.
एल सोल, मी म्हणते. तो सूर्य.
"अगं शेंगा सोल. आणि सांग, घर?"
कासा.
"नागडं नको. पुढे काय?"
ला कासा.

आपलं घर ते. तिकडे ते नाहीच.
तो आहे, ती आहे, मधलं अंगण कुणी उचलून नेलं.
गलबत, पाखरू, लाकूड, पोर,
सगळ्यांनी एकेका बाजूला उभं राहायचं,
प्रार्थनेच्या रांगेत मुलगे इकडे, मुली तिकडे.
हात बाई निघाला, ला मानो. नकाशा पुरुष.
का?
"कस्टमवाल्याला का विचारतेस का कधी?"

आणि पाणी. आग्वा.
माझीच आग, शेपटी राखलेली.
जातीची ती, पण एकटी असली की पुढे एल,
कारण ला आग्वा म्हणताना दोन आ
खडपावर आपटल्यासारखे एकमेकांवर आपटतात.
दोन दिवस मी तिथेच अडले.
मग लुर्दीन मावशी आठवली:
परवान्यावर नवऱ्याचं नाव,
सुकटीचा धंदा सगळा तिचा.

समुद्र पुस्तकात एल मार.
"पण त्याच्यावर ज्यांचं पोट, ते ला मार म्हणतात," काका म्हणाले,
आणि बराच वेळ एकच शेंग सोलत बसले.

आमच्या घरी नुसतं मार. पुढे काही नाही.
आमच्या बोलीच्या आजीपाशी असले छोटे शब्द होते म्हणे,
ओ आणि आ. खाडी ओलांडताना गळाले असतील.
आईला विचारलं. म्हणाली,
"कशाला लागतायत? विहीर म्हटलं की विहीर."

नियम असा: नवखं आलं की उन, उना.
ओळख झाली की एल, ला.
एक कुत्रा आला. तो कुत्रा भुंकला.
पण आमच्याकडे एक कुत्रा कधी येतच नाही.
किल्ल्याखाली जे भुंकतं ते दियोगचं असतं,
आणि ते का भुंकतंय हेही माहीत असतं.
सगळं आधीच सांगून झालेलं गाव.

सतरा तारखेचं तिकीट आहे.
वालेन्सियात एका म्हातारीला सांभाळायचंय.
कागदावर लिहिलंय, हवी आहे: उना कुइदादोरा.
ती दार उघडेल, उना सेन्योरा,
मी पायरीवर बॅग घेऊन, उना.
दोघी कुणीतरी.

किती दिवस लागतात काका, उनाची ला व्हायला?
"मला चार महिने लागले.
एका सकाळी कांदेवाली पोराला ओरडून म्हणाली,
एल इंदियो आलाय, वजन कर."
मग कांदे स्वस्त दिले?
"छे. भाव तोच. पण एल म्हणाली."

अंधार पडला. टरफलं कोंबड्यांना टाकली.
पलीकडून आईची हाक आली, आग आण.
कुठली, किती, कशातून, तिने सांगितलं नाही.
मी कळशी उचलली.