पाचवं बोट

इत्तो बेन्नासर, वय अडुसष्ट, मोरोक्को.
गळ्यातल्या पाटीवर एवढंच.
खाली पणजीची मंडळी गुच्छ घेऊन ताटकळत,
आणि ही जिना चढून थेट माझ्या केबिनमध्ये.
मी पोई चहात बुडवत होतो.

रीळ उलगडून काठावरून अंगठा फिरवला तिनं,
तांदळातला खडा शोधावा तसा.
"हा जोड माझा नव्हे."
माझा होता. सकाळीच तुटली होती पट्टी.
"बरा आहे," दुभाषी पोरगी म्हणाली, तिच्या वतीनं.

कासाब्लांकात एकोणीस वर्षं
दुसऱ्यांच्या फिल्मा कापल्या तिनं
पांढरे हातमोजे घालून.
नावं वर सरकत गेली, तिचं कधी आलं नाही.
मग आईचा गालिचा विकून कॅमेरा,
मिठागरातल्या बायका,
आणि त्यातल्या एकीचं नुसतं बसून राहणं,
चार मिनिटं,
पाय खाऱ्या पाण्यात,
कुणासाठी काहीही न रांधता.
सरकारनं तेवढंच कापलं.
तो तुकडा चहाच्या डब्यात ठेवलाय,
पुदिन्याचा वास लागलाय म्हणे त्याला.

रात्री बेतीच्या फेरीत दिसली, एकटीच.
कसिनोंचे दिवे, चार स्कूटर,
मासळीच्या रिकाम्या पाटीवर डोकं टेकून झोपलेली एक बाई.
तिनं पैलतीर दाखवला, भुवया उंचावल्या: किती?
मी चार बोटं धरली.
तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं,
जरा जास्तच वेळ.
मग मी मांडवीकडे पाहिलं,
भरती होती,
पाचवं उघडलं.