वंगणाची नोंदवही

नोव्हेंबर. लुलेओत दुपारी अडीचलाच दिवे लागतात.
प्रयोगशाळेतला अंधार मात्र मी केलेला.
ग्रीसमध्ये एक रंग कालवलाय,
तो फक्त जांभळ्या दिव्याखाली उजळतो.

पोलादी कड्या दोन, त्यांच्यात नऊ गोळ्या,
गोळ्यांना पितळी पिंजरा,
बाजूला झाकणाऐवजी काच.
ग्रीस दोन ग्रॅम, वर चार शतांश.
फिरव.

पहिला तास नुसती धुमश्चक्री.
गोळ्या ग्रीसला तुडवतात, लोटतात, भिंतीवर फेकतात.
पारा चढतो: चाळीस, अठ्ठावन्न, एकाहत्तर,
आणि मग घर भरून आलेले पाहुणे
एकेक करून निघावेत, तसा उतरतो.
वाट मोकळी.
सगळं ग्रीस कडेला, पिंजऱ्याच्या दांड्यांना धरून,
कड्यांच्या खांद्यांवर थिजलेलं.
ज्या कामाला आणलं त्याच्यापासून वीतभरही नाही,
दोन मिलिमीटर दूर, आणि स्वस्थ.
पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं: वाया गेलं.

बाबा हसले होते त्यावर.
हाल्वार, पिटेओच्या कागद गिरणीतला तेलवाला,
एकेचाळीस वर्षं खांद्यावर ग्रीसची बंदूक,
डावा कान गिरणीला देऊन आलेला.
म्हणाले, नवी पोरं ठासून भरतात.
त्यांना वाटतं, जीव लावायचा म्हणजे भरपूर द्यायचं.
बेअरिंग गुदमरतं गं, तापतं, मरतं.
तिसरा हिस्सा भर. उरलेली जागा त्याची त्याला.

साबणाचे तंतू, गुंतलेले, लोकरीच्या गुंड्यासारखे.
त्यांच्या पोटात तेल.
ते पाझरतं. किती, तर
गोळी आणि कडी यांच्यात जो पडदा धरतो
त्याची जाडी केसाचा तीनशेवा भाग.
मी तो विजेने मोजते, आकड्यांत:
दोनशे चाळीस नॅनोमीटर. दोनशे दहा.
एवढ्यावर गिरणी चालते, गिरणीवर गाव.

गुरुवारी बाबा बसने आले, डबा घेऊन
आणि ती काठी घेऊन.
बर्चची. एक टोक यंत्राला टेकवायचं,
दुसरं उजव्या कानामागच्या हाडाला.
माझी विद्यार्थिनी एब्बा आधी हसली,
मग तिने त्यांना खुर्ची दिली.

दीडशे. नव्वद. चाळीस.
पुस्तकात याला उपासमार म्हणतात.
तीस. बावीस.
पोलाद पोलादाला शिवायच्या बेतात.
माझा हात लाल बटणावर.
बाबांनी डोळे न उघडता बोट वर केलं: थांब.

कडेला उष्णता वाढली असणार,
एखादा ढिगारा सैलावला असणार.
तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात,
इथे तहानच विहीर खणत होती.

"प्यायली," बाबा म्हणाले.

आकडा: बावीस. बावीस. बावीस.
एकशे सत्तर.

आधी ते बोलले की आधी आकडा हलला,
मला शपथेवर सांगता येणार नाही.
एब्बा म्हणते चार सेकंद. एब्बाला ते आवडले होते.
कॅमेऱ्यात त्या क्षणी एक पांढुरका ठिपका आहे,
तो थेंब असेल, काचेवरचा डागही असेल.
तीनदा पुन्हा केलं. दोनदा पडदा सावरला.
तिसऱ्यांदा गोळी खरवडली, जळका वास दोन दिवस राहिला.
तेव्हा बाबा घरी गेले होते.

जाताना त्यांनी विचारलं होतं,
हे सगळं कशासाठी, पगार देतात का नीट?
देतात म्हटलं.
मग बरं, म्हणाले, आणि डब्यातली उरलेली पोळी,
बार्लीची, लोणी लावलेली,
कागदात बांधून माझ्या टेबलावर ठेवली.
कागदाला पारदर्शक डाग पडत गेला,
संध्याकाळभर, कडेकडेने.
मी त्याच्याकडे बघत बसले, मोजलं नाही.

अहवालात निष्कर्षाच्या जागी: कारण अज्ञात.
आणि उपकरणांच्या यादीत, तापमापकाच्या खाली,
एब्बाने मला न विचारता घातलेली ओळ:
काठी, बर्च, बासष्ट सेंटिमीटर.
मी ती खोडली नाही.